शेअर्ड ओनरशिपचं घर (इंग्लंड) : अर्ज भरायला बसलोय, अनुभवी लोकांनी बोला

उपनगरी | १४ जून २०२५

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं झाली लंडनजवळच्या स्लाऊमध्ये. दोन बेडरूमचं भाड्याचं घर, आम्ही दोघं आणि दोन पोरं. घरमालकाने एप्रिलमध्ये भाडं १,४५० वरून १,६०० केलं. वर 'बाजारभावापेक्षा कमीच आहे हो' म्हणून ऐकवलं. दोघांचा पगार मिळून वर्षाला ४६ हजार पौंड. आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) हातात आहे. बँक पगाराच्या साडेचार पटीपर्यंत कर्ज देते, म्हणजे फार तर २ लाख ७ हजार. त्यात इथे दोन बेडरूम मिळत नाहीत, विषय संपला.

म्हणून शेअर्ड ओनरशिपकडे वळलो, म्हणजे घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्याचं भाडं भरायचं. एका हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणारी घरं देणारी संस्था) नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, पूर्ण किंमत ३,२०,०००. आम्ही ४० टक्के हिस्सा घेणार, म्हणजे १,२८,०००. त्यावर १० टक्के डिपॉझिट १२,८००. उरलेल्या १,१५,२०० चं कर्ज ५ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण ६१८. असोसिएशनकडे राहिलेल्या ६० टक्क्यांवर वर्षाला २.७५ टक्के भाडं, म्हणजे महिन्याला ४४०. सर्व्हिस चार्ज (इमारतीची देखभाल) १६५. एकूण १,२२३. आजच्या भाड्यापेक्षा पावणेचारशे कमी, आणि वर थोडं तरी आपलं.

कागदावर इतकं गोड दिसतंय की भीती वाटते. कोणी घेतलंय का? कुठे पाय अडकतो?

कंदीपेढा | १४ जून, रात्री

आम्ही घेतलं होतं, मिल्टन कीन्सला, २०१६ मध्ये. तेव्हा किमान हिस्सा २५ टक्के असायचा, नव्या नियमांत १० टक्क्यांपासून घेता येतो. आम्ही ४० वर सुरुवात केली आणि दोन उड्यांत १०० वर गेलो. याला 'स्टेअरकेसिंग' म्हणतात. छोटं घर होतं, त्यामुळे शंभर टक्के झाल्यावर जमिनीसकट आमच्या नावावर झालं. फ्लॅटचं तसं नसतं. पूर्ण हिस्सा घेतला तरी लीज राहतेच आणि सर्व्हिस चार्जही.

तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो पहिल्या महिन्याचा आहे. भाडं दर वर्षी वाढतं. जुन्या करारांत आरपीआय अधिक अर्धा टक्का, नव्यांत सीपीआय अधिक एक टक्का (दोन्ही महागाईचे निर्देशांक). सरासरी ४ टक्के वाढ धरा, दहा वर्षांनी ४४० चे ६५० होतात. पगार तेवढा वाढेल का, ते तुम्हालाच माहीत.

दुसरं, वरचा हिस्सा आजच्या भावाने मिळत नाही, ज्या दिवशी घ्याल त्या दिवसाच्या भावाने मिळतो. आज दहा टक्के ३२ हजारांना पडतात. फ्लॅट ३,८०,००० वर गेला की तेच ३८ हजार. शिवाय दर वेळी आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेचा मूल्यांकनकार आणि वकील, दोघांची फी तुमच्या खिशातून. मूल्यांकन तीन महिनेच चालतं, तेवढ्यात बँकेने कर्ज मंजूर केलं नाही तर पुन्हा पैसे मोजा. आमचं एकदा तसंच झालं.

उत्पन्नाची अट तुम्हाला अडवणार नाही. घरातलं एकूण उत्पन्न ८० हजारांच्या आत हवं, लंडनमध्ये ९० हजारांच्या.

उपनगरी | १५ जून

धन्यवाद कंदीपेढा. भाडेवाढ मी धरलीच नव्हती. घरात सांगितल्यावर शांतता पसरली.

अर्जाची प्रक्रिया कशी असते? आता हेल्प टू बाय या सरकारी योजनेचा एजंट वगैरे भानगड नाही, थेट असोसिएशनच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, एवढं कळलंय.

कंदीपेढा | १५ जून

हो, थेटच. नोंदणी झाली की ते एका ठरावीक मॉर्गेज सल्लागाराशी फोन जोडून देतात. तो तुमची ऐपत तपासतो आणि किती टक्के घेता येतील ते सांगतो. इथे लोकांना एक गंमत माहीत नसते: तुम्ही कमीत कमी हिस्सा मागितला म्हणून ते देतीलच असं नाही. ऐपत जास्त निघाली तर जास्त घ्या म्हणतात. महिन्याअखेर हातात ठरावीक रक्कम उरली पाहिजे, असाही प्रत्येक संस्थेचा नियम असतो.

तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट लागतात, आणि तो सल्लागार ओळ न् ओळ वाचतो. गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याचं झालेलं सांगतो. आठ मित्रांची भिशी होती, महिन्याला २०० पौंड. सल्लागाराला वाटलं हा कोणाचं तरी खाजगी कर्ज फेडतोय. भिशी म्हणजे काय हे इंग्रजाला फोनवर समजावता समजावता बिचारा घामाघूम. 'व्याज नाही, कागद नाही, आणि कोणी बुडवत नाही?' असं त्याने तीनदा विचारलं म्हणे. शेवटी भिशी लागल्याची मोठी रक्कम डिपॉझिटमध्ये दिसली, आणि तिचा स्रोत दाखवायला आठही जणांकडून पत्रं घ्यावी लागली. त्यामुळे भिशी असेल तर आत्ताच आवरती घ्या. आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर तोही खर्चात धरतात.

जुनाखोडकर | १५ जून

गिरगावातून नमस्कार. वाचतोय आणि हसतोय. अर्धं घर आपलं, अर्ध्याचं भाडं भरायचं, विकताना मालकाला आधी विचारायचं, दुरुस्ती मात्र भाडेकरूच्या गळ्यात. अहो, ही तर विलायती पागडी! आमच्या चाळीत माझे आजोबा यातच जन्मले आणि यातच गेले. इथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यतासुद्धा दिली. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना घरमालक तिसरा हिस्सा मागतो, अशी मुंबईची रीत. तिकडे किती मागतात?

वकिलीणबाई | १५ जून

जुनाखोडकर, उपमा झकास, पण एक फरक मोठा आहे. पागडीत भाडं नाममात्र असतं आणि हक्काची किंमत जबर. इथे भाडं खरंखुरं आहे आणि दर वर्षी चढतं. विकताना असोसिएशन तुमच्या हिश्श्यातला वाटा मागत नाही, मात्र आधी त्यांना गिऱ्हाईक शोधू द्यावं लागतं. जुन्या करारांत आठ आठवडे, नव्यांत चार. तेवढ्यात मिळालं नाही तर मग तुम्ही बाजारात.

(मी रीडिंगला कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायदेशीर कागदपत्रांच्या, ऑफिसात काम करते. हा सल्ला समजू नये, गप्पा समजाव्यात.)

ओलीभेळ | १६ जून

सगळं गोड चाललंय म्हणून माझा खडा टाकते. पूर्व लंडन, सहावा मजला, २०१४, ३५ टक्के. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग १४ जून २०१७ ची, ७२ माणसं गेली. परवाच आठ वर्षं झाली. त्यानंतर आमच्या इमारतीच्या बाह्य आवरणाची तपासणी निघाली. ईडब्ल्यूएस१ नावाचा फॉर्म (बाहेरच्या भिंतींच्या आगसुरक्षेचा) नाही म्हणून एकही बँक कर्ज देईना. हिस्सा विकता येईना, वाढवता येईना. नियमाने भाड्यानेही देता येत नाही. पोरगी झाली तेव्हा एका खोलीत तिघं राहिलो.

आणि सर्व्हिस चार्ज. हिस्सा ३५ टक्के असला तरी सर्व्हिस चार्ज शंभर टक्के तुमचा. आमचा ११० चा २६० झाला. भाड्याला निदान वाढीचं सूत्र आहे, सर्व्हिस चार्जला कसलीच कमाल मर्यादा नाही. संसदेच्या गृहनिर्माण समितीने मार्च २०२४ मध्ये या योजनेवर अख्खा अहवाल काढला. त्यात चढतं भाडं, बेलगाम सर्व्हिस चार्ज आणि दुरुस्तीचा बोजा या तिन्हींवर बोट ठेवलंय. वाचा आणि मग सही करा.

वकिलीणबाई | १६ जून

ओलीभेळ, तुमचं दुःख खरं आहे. पण तुमचा करार जुन्या नमुन्याचा, उपनगरींचा नवा असणार, म्हणून फरक सांगते. नव्या नमुन्यात लीज ९९० वर्षांची, जुनी ९९ किंवा १२५ ची असायची. पहिली दहा वर्षं बाहेरची आणि मुख्य बांधकामाची दुरुस्ती घरमालक संस्थेकडे. आतल्या पाइप, हीटिंग वगैरेंसाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी हिस्सा वाढवता येतो. शिवाय पहिली १५ वर्षं दर वर्षी एक टक्का घेता येतो, त्याला वेगळा मूल्यांकनकार लागत नाही. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर ११ मीटरपेक्षा उंच इमारतींत पात्र लीजधारकांकडून क्लॅडिंगचा (बाह्य आवरणाचा) खर्च मागता येत नाही.

उपनगरी, तुम्हाला 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' मिळेल. त्यात करार कोणत्या नमुन्याचा आहे ते लिहिलेलं असतं. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर बहुधा जुना नमुना. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं.

उपनगरी | १८ जून

नवाच नमुना आहे, कागद मिळाला. सल्लागाराशीही बोललो, ४० टक्के मंजूर. ५०० पौंड देऊन फ्लॅट राखून ठेवला! २८ दिवसांत करारांची अदलाबदल करायची म्हणतात, म्हणजे व्यवहार पक्का.

डिपॉझिटचंही जमलं. लाइफटाइम आयसात (पहिल्या घरासाठी वापरता येणारं बचत खातं) दोन वर्षांत ८,००० टाकले, सरकारचे २५ टक्के धरून १०,००० झाले. बाकीचे बचतीतून.

एक फुटकळ शंका. अर्जात विचारलंय, 'यूके किंवा परदेशात तुमच्या मालकीचं घर आहे का?' डोंबिवलीच्या फ्लॅटवर बाबांबरोबर माझं नाव आहे. २००९ मध्ये घेताना बाबा म्हणाले, तुझंही घालू, पुढे कटकट नको. मी तेव्हा बावीस वर्षांचा. एक पैसा दिला नव्हता, आईबाबा तिथे राहतात. ते काही माझं घर नाही. मी 'नाही'वर टिक केलंय. ठीक ना?

वकिलीणबाई | १८ जून

थांबा थांबा थांबा.

आधी सांगा, नाव कुठे आहे? सोसायटीत नॉमिनी म्हणून, की नोंदणी झालेल्या करारनाम्यात खरेदीदार म्हणून? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तसं असेल तर सुटलात. इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) बघा.

उपनगरी | १९ जून

बाबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलं. करारनाम्यात 'लिहून घेणार' म्हणून दोघांची नावं. इंडेक्स टूवरही दोघं.

वकिलीणबाई | १९ जून

मग तुम्ही मालक आहात. पैसा कोणी दिला हा पुढचा वाद. आता हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी लागतं आणि प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा. लोक इथेच गोंधळतात.

पहिलं, योजनेची पात्रता. घर आज तुमच्या नावावर नसावं, निदान ताबा घेण्याच्या दिवसापर्यंत तरी निघालेलं असावं. पूर्वी घर होतं म्हणून कोणी बाद होत नाही. म्हणजे यावर उपाय आहे: तुमचा हिस्सा बाबांच्या नावे करून टाकायचा.

दुसरं, स्टॅम्प ड्यूटी. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत सूट असते, पण त्यात 'पहिल्यांदा' म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही, कधीही राहत्या घरात हिस्सा नव्हता असा माणूस. उद्या हक्कसोडपत्र केलंत तरी २००९ ते २०२५ तुम्ही मालक होतात, ते पुसलं जात नाही. सूट गेली. सुदैवाने शेअर्ड ओनरशिपमध्ये कर फक्त घेतलेल्या हिश्श्यावर भरायचा पर्याय असतो. १,२५,००० पर्यंत शून्य, वरच्या ३,००० वर २ टक्के, म्हणजे ६० पौंड, आणि भाड्याच्या भागावर थोडा. पुढे ८० टक्के ओलांडेपर्यंत नवा कर नाही. पूर्ण किमतीवर एकदम भरायचा पर्याय चुकूनही निवडू नका, तिथे ६,००० बसतील. दुसरं घर असलेल्यांना ५ टक्के जादा कर लागतो, पण बाहेरच्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांच्या आत असेल तर तो लागत नाही. डोंबिवलीचा अर्धा फ्लॅट बहुधा आत बसेल.

तिसरं सगळ्यात झोंबणारं आहे. लाइफटाइम आयसालाही 'पहिल्यांदा'ची हीच जागतिक व्याख्या. ते पैसे तुम्हाला घरासाठी काढता येणार नाहीत. असेच काढलेत तर २५ टक्के दंड. १०,००० चे ७,५०० हातात येतील, म्हणजे सरकारचे २,००० जाऊन स्वतःचेही ५०० जातील.

उपनगरी | १९ जून

पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

सातारीकंदील | १९ जून

हा धागा वाचून मलाही धडकी भरली. वाईजवळ आमचा वाडा आहे, मिळकत पत्रिकेवर बावीस नावं, त्यात माझं सतरावं. वाड्यात वटवाघळं राहतात. शिवाय सातबारावर दीड एकर. मीपण गेलो का?

वकिलीणबाई | १९ जून

सातबारावरची शेती म्हणजे घर नव्हे, ती सोडा. वाडा मात्र घर आहे, वटवाघळांचं असलं तरी. वारशाने आलेला हिस्साही करसवलतीच्या व्याख्येत मोजतात. तुमच्या बाविसाव्या भागाची किंमत चहापाण्याएवढी असेल, तरी 'कधीच नव्हता' असं लिहून देता येणार नाही. आपल्या वकिलाला पत्रिका दाखवा.

बिनधास्त७७ | १९ जून

काय घाबरवताय लोकांना? डोंबिवलीचा इंडेक्स टू बघायला इथून कोण जातंय? टिक 'नाही'वर ठेवा आणि पुढे चला. सगळे तेच करतात.

वकिलीणबाई | २० जून

इंडेक्स टू ऑनलाइन दिसतो, पण ते सोडा. तुम्ही सही करून खोटं लिहून देताय: असोसिएशनला, बँकेला आणि करखात्याला. उपनगरींचं स्टेटमेंट उद्या कोणी वाचलं आणि त्यात सोसायटीचा मेंटेनन्स दिसला, तर? उपनगरी, तो कोण भरतं?

उपनगरी | २० जून

मीच. भारतातल्या एनआरओ (अनिवासी) खात्यातून. आणि तिथे मी इकडून पैसे पाठवतो, ते स्टेटमेंटमध्ये दिसतंय.

असोसिएशनला आजच मेल टाकून उत्तर दुरुस्त करतो.

ओलीभेळ | २० जून

शाब्बास. बिनधास्त यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांचं नावच सांगतंय.

(संपादक: बिनधास्त७७ आणि ओलीभेळ यांचे यापुढचे सहा प्रतिसाद विषयाला सोडून असल्याने हलवले आहेत.)

उपनगरी | २९ जून

असोसिएशनचं उत्तर आलं, सभ्य होतं. डोंबिवलीचा हिस्सा काढल्याचा नोंदणीकृत कागद दाखवा, तोवर पुढे जाता येणार नाही. २८ दिवसांत हे होणं नाही. फ्लॅट रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला गेला. ५०० पौंड परत दिले, तेवढं बरं.

बाबांना फोन करून सांगितलं. मला वाटलं होतं कागदोपत्री गोष्ट आहे, बाबांनी बँकेत नोकरी केलीय, लगेच समजतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाव काढतोयस म्हणजे? दारावरच्या पाटीवरपण आहे तुझं.' आईने फोन घेतला आणि भाजी काय केलीय ते विचारलं.

जुनाखोडकर | २९ जून

उपनगरी, एका बापाच्या नात्याने सांगतो. त्यांना कर आणि पात्रता सांगत बसू नका. मीही माझ्या मुलाचं नाव चाळीतल्या खोलीच्या पावतीवर घातलंय. तो मेलबर्नला आहे, येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. तरी घातलंय.

कंदीपेढा | ३० जून

व्यवहाराचं सांगतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघालच. इथून हक्कसोडपत्र करायला कुलमुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित करून पाठवा. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिथली मुद्रांक फी भरावी लागते, हे विसरू नका. माझे सासरे विसरले होते. कोणाला नेमणार?

उपनगरी | ३० जून

बाबांना नेमता येणार नाही, घेणारे तेच. डोंबिवलीत आतेभाऊ आहे. तो हो म्हणालाय, पण 'मामांनी आधी मला सांगू दे' म्हणतोय.

उपनगरी | ७ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

हक्कसोडपत्राची नोंदणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. आतेभावाने सांगितलं, सब-रजिस्ट्रारकडे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी अर्धा तास हजर होते. बायोमेट्रिकला अंगठा तीनदा घेतला, उठत नव्हता. सोसायटीच्या दाखल्यावरून माझं नाव निघालं. पाटी तशीच आहे. ती काढायची नाही म्हणाले, सोसायटीला काय कळतंय.

लाइफटाइम आयसा मोडला नाही. वकिलीणबाईंनी सुचवल्याप्रमाणे तो साठीपर्यंत तसाच ठेवून देतोय, तेव्हा दंडाशिवाय काढता येतो. डिपॉझिटसाठी बायकोने तिच्या आईकडून उसने घेतलेत. 'उसने' म्हटलं तर बँकेला चालत नाही, 'भेट' म्हणून लिहून द्यावं लागतं. त्या पत्राचा मसुदा सासूबाईंना वाचून दाखवला, तर म्हणाल्या, 'म्हणजे परत देणार नाही?' एकंदर हे वर्ष नातेवाइकांकडून कागद लिहून घेण्यात चाललंय.

गणपतीला डॉलिस हिलच्या मंडळात कंदीपेढा भेटले. त्यांनी लँगलीच्या एका नव्या इमारतीचं सांगितलं. चौथा मजला, ३५ टक्के हिस्सा. सर्व्हिस चार्ज आधीच्यापेक्षा २० जास्त, पण गेल्या तीन वर्षांचे आकडे मागितले ते त्यांनी दिले. लिफ्ट एकच आहे. काल अर्ज भरला. 'यूके किंवा परदेशात मालकीचं घर आहे का?' या प्रश्नावर 'नाही' केलं आणि नोंदणीकृत कागदाची प्रत जोडली.

ओलीभेळ | ७ सप्टेंबर

चौथा मजला म्हणजे ११ मीटरच्या वर आहे का ते बघा आधी. ईडब्ल्यूएस१ मागा. नवी इमारत असली तरी मागा.

उपनगरी | ८ सप्टेंबर

मागितलाय. 'बघून कळवतो' म्हणालेत.